ओढा दिसला की घोडा उभा राहतो : तरुण घोड्याला क्रॉस-कंट्रीची ओळख कशी करून द्यावी?

कऱ्हाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्याकडे साडेचार वर्षांचा, खच्ची केलेला थरोब्रेड घोडा आहे. दोन हंगाम शर्यतीत धावून, फारसे काही न जिंकता, तो मार्चअखेरीस माझ्याकडे आला. पागा सासवडच्या बाजूला आहे. आजूबाजूला मुरमाड माळ, शेतांचे बांध, पाणलोटाच्या कामात खणलेले चर आणि दसऱ्यानंतरही वाहणारा एक ओढा आहे. हे सारे दाराशी असताना घोड्याला केवळ रिंगणात गोल गोल फिरवणे मला पटेना, म्हणून त्याला हळूहळू क्रॉस-कंट्रीसाठी, म्हणजे मोकळ्या रानातले बुंधे, चर, पाणी असे अडथळे ओलांडत धावण्यासाठी, तयार करावे असे ठरवले.

रिंगणात तो ८० सेंटीमीटरपर्यंतचे दांडे ओलांडतो, मात्र दांडा दिसताच पळत सुटतो आणि मी लगाम जितका खेचावा तितका अधिक जोराने जातो. खरा घोटाळा ओढ्यावर झाला. पंधरा दिवसांपूर्वी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास त्याला मी प्रथमच ओढ्याकडे नेले. पाणी घोट्याएवढे आणि पात्र जेमतेम दोन मीटरांचे होते. करंजाच्या सावलीत शिरताच तो थबकला. मी टाच मारली, त्यानेही हलेना तेव्हा चाबूक तीनदा वापरला, आणि तिसऱ्या फटक्याला त्याने उभ्या जागेवरून अशी काही झेप घेतली की समोर जणू विहीरच होती. माझा तोल मागे गेला, सगळे वजन लगामावर आले, त्याच्या तोंडाला जबर हिसका बसला आणि मी पलीकडच्या काठावर आडवा झालो. हेल्मेट व छातीचे कवच होते म्हणून निभावले.

तेव्हापासून ओढा वीस पावलांवर आला की तो उभा राहतो. परवा तर पाणंदीतल्या डबक्यालाही अडला. चूक माझी आहे हे कळते, पण आता सुरुवात कोठून करावी ते कळत नाही. जानेवारीत एका स्पर्धेत सर्वांत खालच्या गटात नाव द्यावे, असाही विचार होता.

डोंगरमाथा

आधी दोन साध्या गोष्टी विचारतो. दात कधी तपासले? आणि खोगीर केव्हा बसवून घेतले? शर्यत सोडल्यावर सहा-सात महिन्यांत घोड्याची पाठ इतकी बदलते, की एप्रिलमध्ये चपखल बसलेले खोगीर ऑक्टोबरमध्ये खांद्यामागे रुतू लागते. पळत सुटणारे घोडे पुष्कळदा दुखण्यापासून पळत असतात.

कऱ्हाकाठ

दात जूनमध्ये घासून घेतले आहेत. खोगीर मात्र एप्रिलनंतर पाहिलेले नाही. आपला प्रतिसाद वाचून आज सकाळी हात घालून पाहिले, तर डाव्या खांद्यामागे बोटे शिरत नाहीत. म्हणजे एक कारण घरातच निघाले.

जुना रिसाला

खोगीर नीट होईपर्यंत दांडे आणि उड्या पूर्ण बंद ठेवा. त्या दोन-तीन आठवड्यांत घोड्यावर न बसता करता येण्याजोगे बरेच काम आहे, आणि माझ्या मते तेच मुख्य काम आहे. फौजेत असताना रिमाउंटचे (फौजेला नवे घोडे पुरवणाऱ्या विभागाचे) कोरे घोडे पुष्कळ हाताखालून गेले. त्या अनुभवावर सविस्तर लिहितो.

पहिला मुद्दा पळत सुटण्याचा. शर्यतीच्या घोड्याला शिकवलेले असते, की वाग (हातातला लगामाचा पट्टा) आखडली की तिच्यावर रेलायचे आणि पाय उचलायचे. जॉकी लगाम आवळून धरतो तो थांबवण्यासाठी नव्हे. आपण दांड्यापुढे लगाम खेचता, तेव्हा आपल्या लेखी तो ‘हळू’ असतो आणि त्याच्या लेखी ‘चल’. म्हणजे तो उद्धट नाही, तो आज्ञा पाळतो आहे. त्याला नवी भाषा शिकवावी लागेल: बैठक स्थिर झाली, श्वास सोडला आणि वाग क्षणभर आवळून लगेच सैल झाली, की सावकाश व्हायचे. हे आधी वॉकमध्ये (साध्या चालीत), मग ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत), दांड्यांपासून दूर शिकवावे. ते पक्के झाल्यावर जमिनीवर चार दांडे साधारण १.३ मीटर अंतराने टाकून त्यांवरून ट्रॉट करावा. पळू लागला तर न ओढता मोठे वर्तुळ घ्यावे आणि ट्रॉट संथ झाला की पुन्हा दांड्यांकडे वळावे. दहा वर्तुळे झाली तरी हरकत नाही.

दुसरा मुद्दा ओढ्याचा. पाणी म्हणजे काय, हे त्याला ठाऊकच नव्हते. जन्मल्यापासून त्याने स्टड फार्मचे कुरण, तबेला आणि हिरवळीची सपाट धावपट्टी एवढेच जग पाहिलेले. पहिल्याच भेटीत त्याला पाण्यापाशी तीन फटके आणि तोंडाला हिसका मिळाला. आता त्याचा हिशेब सरळ आहे.

म्हणून पाणी तूर्त बाजूला ठेवा आणि चरांपासून सुरुवात करा. पाणलोटाचे समतल चर बहुधा ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल असतात, आणि खणलेली माती उताराच्या बाजूला टाकलेली असते. तरुण घोड्याच्या पहिल्या धड्यासाठी याहून चांगला अडथळा पैसे देऊन बांधून मिळणार नाही. पाऊसपाण्याने कडा ढासळलेला, उथळ झालेला चर निवडावा. जमीन कोणाची आहे ते विचारून परवानगी घ्यावी, बांधावर रोपे लावलेली असतील तर त्या बाजूला फिरकू नये, आणि आधी स्वतः पायी फिरून तारेचे तुकडे व उघडे दगड पाहून ठेवावेत.

घोड्याला मोहरकी (तोंडात कडी नसलेला दोरीचा मुखसाज) आणि लांब दोर लावून चरापाशी न्यावे आणि दोर सैल सोडून नुसते उभे राहावे. काय घडते ते नीट पाहावे. आधी मान उंच, कान टोकदार, नाकपुड्या फुगलेल्या. मग एक कान आपल्याकडे वळतो. मग मान खाली येते आणि तो चरातल्या गवतावर फुर्र करून श्वास सोडतो. एक पुढचा पाय उचलून काठ खरवडतो, माती आत घरंगळते, तो दचकून अर्धे पाऊल मागे जातो आणि पुन्हा पुढे येतो. ही अर्धे पाऊल मागे, एक पाऊल पुढे अशी येरझार म्हणजेच त्याचे शिक्षण. तेवढ्यात आपण ओढले, ओरडलो किंवा घाई केली की तो चर सोडून आपल्याकडे पाहू लागतो आणि धडा तेथेच तुटतो.

माझा नियम एकच असे: थांबलेले चालेल, कितीही वेळ पाहिलेले चालेल, परंतु पाठ फिरवलेली आणि बाजूला सटकलेले चालणार नाही. म्हणून अडथळा नेहमी एवढाच लहान असावा, की उभ्या जागेवरूनही तो पाऊल टाकून पलीकडे जाऊ शकेल. उंची वाढवण्याचे वेड सोडा. उडी थरोब्रेडच्या अंगातच असते, शिकवायचे ते आपले पाय कोठे पडतात हे पाहणे. बांध चढणे-उतरणे, चर ओलांडणे, आडव्या पडलेल्या बाभळीच्या बुंध्यावरून वॉकमध्येच पाय उचलून जाणे, उतारावर मागचे पाय पोटाखाली घेऊन सावकाश येणे, एवढे जमले की निम्मी क्रॉस-कंट्री झाली.

एक गोष्ट विसरू नका. खोगिरावर बसून हे करू लागाल तेव्हा घोड्याच्या गळ्यात रिकिबीचा जुना चामडी पट्टा बांधा आणि प्रत्येक अडथळ्याला दोन बोटे त्यात अडकवा. तरुण घोडा उडी कशी घेईल याचा भरवसा नसतो. तो वाजवीपेक्षा उंच उडाला तर आपले वजन पट्ट्यावर यावे, त्याच्या तोंडावर नव्हे.

पक्की मांड

रिसालासाहेबांचा आदर राखून थोडा मतभेद नोंदवतो. घोड्याला एकदा कळले की थांबल्याने काम टळते, की तो आयुष्यभर थांबतो. माझ्याकडचा काठियावाडी घोडा मी असाच प्रेमाने वाढवला, प्रत्येक ठिकाणी पाहू दिले, आणि आता तो रोजच्या वाटेवरचा दगडही पाच मिनिटे न्याहाळल्याशिवाय पुढे जात नाही. योग्य क्षणी दिलेला एक फटका क्रूरपणा नसतो. शिवाय खऱ्या मार्गावर थांबणे म्हणजे नकारच, आणि पहिल्याच नकाराचे २० दंडगुण बसतात.

जुना रिसाला

आपला मुद्दा मला अर्धा मान्य आहे. पाहू देणे म्हणजे रमू देणे नव्हे. घोड्याने मान खाली घातली, हुंगले आणि कान पुढे केले, की त्याचे उत्तर तयार झालेले असते. त्या क्षणी पोटऱ्यांनी ‘चल’ म्हटलेच पाहिजे. आपल्या काठियावाडीला बहुधा हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, म्हणून तो न्याहाळत बसतो. चाबकाचे म्हणाल, तर तो पायाच्या मागे, एकदा आणि त्याच क्षणी असावा. चार सेकंदांनी मारलेला फटका कशासाठी होता हे घोड्याला कळत नाही. कऱ्हाकाठ यांचे तीन फटके भीतीने थिजलेल्या घोड्याला बसले, आणि तेथे फटक्याने भीतीत भरच पडते. रोजच्या दगडाला मुद्दाम अडणाऱ्या घोड्याची गोष्ट निराळी.

दंडगुणांची चिंता स्पर्धेत करावी. शाळेत पाटी पुसता येते.

यॉर्कशायरची पागा

मी मूळची कोल्हापूरची, गेली अकरा वर्षे यॉर्कशायरमध्ये राहते आणि येथे एका पागेत तरुण घोड्यांना तयार करण्याचे काम करते. कऱ्हाकाठदादा, तुमच्या लिहिण्यातला एक तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, तो म्हणजे संध्याकाळचे ऊन आणि करंजाची सावली.

घोड्याचे डोळे उजेडातून अंधारात जाताना आपल्यापेक्षा पुष्कळच सावकाश जुळवून घेतात. तुमच्या घोड्याला सावलीत शिरल्याबरोबर पुढे एक काळा, हलणारा पट्टा दिसला असणार, आणि त्याची खोली समजण्याचा कोणताही मार्ग त्याच्याकडे नव्हता. त्यात कपाळासमोर आणि नाकाखाली त्याला दिसतच नाही, त्यामुळे अगदी जवळ आल्यावर मान हलवू दिली नाही तर तो आंधळाच असतो. रंगांचेही तसेच. घोड्याला निळा आणि पिवळा ओळखता येतो, पण लाल, नारिंगी आणि हिरवा यांत फरक करता येत नाही. ब्रिटनमध्ये शर्यतीच्या अडथळ्यांवरचे दांडे वर्षानुवर्षे नारिंगी असत. एक्सेटर विद्यापीठाच्या अभ्यासानंतर ते २०२२ पासून पांढरे करण्यास सुरुवात झाली, कारण हिरवळीवर नारिंगी रंग घोड्याला उठून दिसतच नव्हता. म्हणून सावलीतला अडथळा पहिल्या काही महिन्यांत घेऊच नये, आणि ओढ्याकडे सकाळी दहानंतर, ऊन पाठीशी असताना जावे.

पाण्यासाठी आमची पद्धत अगदी साधी आहे. एक म्हातारा, शांत घोडा पुढे घालायचा. आमच्याकडे बावीस वर्षांची एक घोडी याच कामावर आहे. ती पाण्यात जाऊन झोप आल्यासारखी उभी राहते आणि पोरगे मागून दोन घोड्यांच्या अंतराने येते. प्रवेश रुंद आणि उताराचा हवा, काठावरून खाली उडी मारून शिरायचे नाही. तळ टणक हवा, चिखल नको; पहिले पाऊल रुतले की विश्वास गेला. वॉकमध्ये आत, तेथे थांबायचे, मानेवर थोपटायचे, वॉकमध्येच बाहेर. तीन-चार वेळा झाले की जुन्या घोड्याला बाजूला उभे करून तरुणाला पुढे काढायचे, नाहीतर काही घोडे दुसऱ्याच्या शेपटीशिवाय पाऊल टाकत नाहीत.

वेगाबद्दल निश्चिंत राहा. येथे सुरुवातीच्या ८० सेंटीमीटरच्या गटात ठरलेला वेग मिनिटाला ४३५ मीटर असतो. इंग्लंडमधल्या बॅडमिंटन या गावी भरणाऱ्या, सर्वांत वरच्या दर्जाच्या पंचतारांकित स्पर्धेत भक्कम अडथळे १.२० मीटर उंच असतात आणि वेग ५७० मीटर. तुमचा घोडा शर्यतीत मिनिटाला हजार मीटरच्या आसपास धावलेला आहे. वेग त्याच्याकडे गरजेपेक्षा दुप्पट आहे, कमतरता आहे ती वेग कमी करून पुन्हा वाढवण्याच्या सवयीची.

पशुवैद्य_नगररोड

मी फक्त पाय, पाठ आणि हवामान यांवर लिहितो.

गुडघ्यावरच्या हाडाची वाढ साधारण अडीच वर्षांच्या सुमारास पूर्ण होते, म्हणून लोकांना वाटते की घोडा तयार झाला. मणक्यांच्या वाढीच्या कडा सर्वांत शेवटी, पाच-साडेपाच वर्षांच्या पुढे जुळतात. साडेचार वर्षांच्या घोड्याला उतारावरून, पाठीवर माणूस घेऊन, वारंवार उड्या मारायला लावणे म्हणजे कच्च्या भिंतीवर स्लॅब टाकणे. आठवड्यातून एकदाच उड्या, त्याही पंधरा-वीसहून जास्त नकोत. उरलेले दिवस चढ-उतारावर वॉक आणि ट्रॉट.

जमिनीचे भान हवे. पावसाळ्यात काळ्या मातीत नाल उपटून येते आणि स्नायूबंध ताणले जातात. दिवाळीनंतर तीच माती भेगाळते, आणि गवताखाली झाकलेल्या भेगेत पाय गेला तर घोडा कायमचा जायबंदी होऊ शकतो. त्या मानाने मुरमाड माळ बरा, पण तो कडक झाल्यावर उतरतानाचा धक्का थेट पुढच्या पायांना बसतो. उतरण्याच्या जागेपुरती माती खणून भुसभुशीत करून ठेवावी.

ऑक्टोबरच्या उन्हात काम सकाळी नऊच्या आत आटोपावे. मात्र ओढ्याचे धडे दहानंतर घ्यायला ताई सांगतात तेही योग्यच आहे, कारण ते वॉकमध्येच होणार आहेत. विसावलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. काम थांबवून पंधरा मिनिटांनीही ती ६४ च्या खाली येत नसेल तर त्या दिवशी आपण जास्त काम घेतले. अंगावर भरपूर पाणी सतत ओतत राहावे.

आणखी एक. शर्यतीतल्या घोड्यांत जठराचे व्रण फार आढळतात, कारण चंदी (दाणा) जास्त, गवत कमी आणि तबेल्यात कोंडलेपण जास्त. आपला घोडा पोटपट्टा आवळताना चावायला येतो का? येत असेल तर तपासून घ्या. कामाच्या अर्धा तास आधी त्याला थोडे गवत वा लसूणघास जरूर द्या.

कऱ्हाकाठ

पोटपट्टा आवळताना तो कान पाडतो, चावत मात्र नाही. तपासून घेतो. जानेवारीच्या स्पर्धेविषयी कोणीच बोलले नाही, त्यावरून उत्तर काय ते समजतो आहे.

यॉर्कशायरची पागा

दादा, बोलले नाही कारण तुम्हीच ओळखाल असे वाटले. फ्रान्समध्ये ल लियों दांजे येथे इव्हेंटिंगच्या (रिंगणातली कवायत, क्रॉस-कंट्री आणि दांड्यांवरच्या उड्या अशा तिहेरी स्पर्धेच्या) तरुण घोड्यांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरते, तीसुद्धा सहा आणि सात वर्षांच्या घोड्यांची असते. फवाद मिर्झा यांनी २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये ज्याच्यावर रौप्यपदक मिळवले आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्याच्यावर अंतिम फेरीपर्यंत जाऊन ते तेविसावे आले, तो सेन्यॉर मेडिकॉट हा घोडा टोकियोत पंधरा वर्षांचा होता. तुमच्या घोड्यापुढे दहा वर्षे आहेत.

जुना रिसाला

१९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंगांनी शहजादा या घोड्यावर इव्हेंटिंगचे वैयक्तिक सुवर्ण जिंकले आणि सांघिक सुवर्णही आपल्याच चमूला मिळाले, तेव्हा आमच्या लाईनीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. प्रत्येक तरुण स्वाराला दुसऱ्या दिवसापासून मोठा बुंधा ओलांडायचा होता. आमच्या उस्तादांनी सगळ्यांच्या रिकिबी काढून घेतल्या आणि महिनाभर बिनरिकिबीचा ट्रॉट करायला लावला. कऱ्हाकाठ, आपणही खोगीर येईपर्यंत स्वतःची मांड तपासून घ्या. ओढ्यावर आपला तोल मागे गेला हे आपणच लिहिले आहे.

कऱ्हाकाठ

नऊ आठवड्यांनी लिहितो आहे. विलंबाबद्दल क्षमस्व.

खोगीर दुरुस्त होऊन यायला चोवीस दिवस लागले. तेवढ्या काळात आम्ही दोघे रोज पायी माळ फिरलो, आणि गावकऱ्यांनी घोडा घेऊन चालत जाणारा माणूस पाहून जे काय बोलायचे ते बोलून घेतले. पहिल्या चरापाशी पहिल्या दिवशी तो अठरा मिनिटे उभा होता, मी घड्याळ लावले होते. चौथ्या दिवशी दोन मिनिटे. आठव्या दिवशी तो न थांबता, फक्त मान खाली घालून, पलीकडे गेला. आता खोगिरावर बसून सहा चर, दोन बांध आणि एक बुंधा असा फेरा तो ट्रॉटमध्ये करतो. दांड्यांपुढची धाव बरीच कमी झाली आहे, गेलेली नाही. तिसऱ्या-चौथ्या दांड्यानंतर जुनी खोड वर येते आणि मग आमची वर्तुळे सुरू होतात. गळ्यातल्या पट्ट्याने माझी लाज दोनदा राखली.

ओढ्यासाठी शेजारच्या वस्तीवरची, लग्नाच्या वरातीत चालणारी एक म्हातारी घोडी मिळाली. बँड, फटाके, नाचणारी मंडळी यांतून आयुष्य काढलेल्या त्या बाईला ओढ्याचे काय कौतुक! सकाळी साडेदहाला, ऊन पाठीशी घेऊन, पात्र जेथे पसरट आहे आणि खाली वाळू व गोटे आहेत अशा जागी ती आत जाऊन उभी राहिली. माझा काठावर थांबला. मी पोटऱ्या टेकवून ठेवल्या आणि वाग सोडून दिली. त्याने पाणी हुंगले, नाक बुडवले, शिंकला, आणि एकेक करून चारही पाय आत आले. मी त्याच्या मानेवर थोपटत राहिलो आणि खरे सांगायचे तर माझेच डोळे भरून आले होते.

तेवढ्यात त्याला पाणी उडवण्याचा शोध लागला. पुढच्या पायाने तो थाड थाड पाणी आपटू लागला, मी ओला झालो, घोडीवाला हसू लागला आणि मीही हसलो. मग त्याने गुडघे दुमडले आणि नुकत्याच दुरुस्त करून आणलेल्या खोगिरासकट ओढ्यात लोळण घेतली. मी वेळेवर पाय काढला. डबक्यांना मात्र तो अजून अडतो.

जुना रिसाला

अभिनंदन. पाय आपटू लागला की तिसऱ्या ठोक्याच्या आत पुढे काढायचे, हे लिहायचे माझ्याकडून राहून गेले. खोगीर सावलीत वाळवा, उन्हात नको, आणि कातडे पुरते वाळण्याआधीच त्याला हलका तेलाचा हात द्या.